हात न ओळखणारे कार्ड

मित्रांनो, मी गोठ्याच्या किल्लीला लटकणारा प्लॅस्टिकचा अर्धा तुकडा आहे. एके काळी मी पूर्ण होते. तेव्हा मला बँकेचे कार्ड म्हणत, आणि दुकानातल्या यंत्राला मी नुसते टेकले तरी पैसे चुकते होत.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पातळ प्लॅस्टिकच्या थरावर केसासारखी बारीक तांब्याची तार अंथरली गेली. ती कडेकडेने वेढे घेत फिरली आणि तिची दोन्ही टोके एका चिमुकल्या चिपला जोडली गेली. वर आणखी थर ठेवून सारे तापवले, दाबले, आणि मी तयार झाले. माझ्यात बॅटरी नाही. म्हणून मी जन्मापासून झोपलेलेच असते. दुकानातल्या यंत्राभोवती चुंबकीय लहरी असतात. मला दोन-तीन बोटांच्या अंतरावर नेले, की माझ्या तारेत क्षणभर वीज खेळते आणि मी जागे होते. यंत्र विचारते, मी एकदाच चालणारे नवेकोरे उत्तर देते, आणि पुन्हा झोपते. माझे सगळे जागेपण एकत्र केले, तरी चुलीवरचा चहा उकळण्याइतका वेळ भरणार नाही.

उरलेले आयुष्य मी झोपेत ऐकले. डुलकी लागलेल्या माणसाच्या कानावर घरातली बोलणी पडतात ना, तसे.

मी टपालाने नंदुरबारजवळच्या रनाळे गावात आले. कौसाबाईंच्या नावाने. त्यांच्या दोन म्हशींच्या दुधाचे पैसे डेअरीतून थेट बँकेत जमा होत. त्या पैशांना त्या कुणाला हात लावू देत नसत, कारण ते एका कामासाठी राखलेले होते. त्यांचे यजमान दोधूआबा यांचे कान मंदावले होते. पूर्वी संध्याकाळी दोघे ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत, आणि बोलणे कधी संपत नसे. आता शेंगा सोलल्या जात, बोलणे मात्र होत नसे. नंदुरबारच्या डॉक्टरांनी कानात घालायचे मशीन सांगितले होते. ते महाग होते. दुधाचे पैसे त्या मशीनसाठी साठत होते.

“काय म्हनी ऱ्हायनी?” हा आबांचा दिवसभराचा प्रश्न.

“सगळं रनाळं ऐकस, तुम्हीच ऐकतस नही,” हे कौसाबाईंचे उत्तर. त्या रागाने बोलत, पण आबांच्या ताटात भाकरी वाढताना ती मोडून, तुपाचा हात लावून वाढत.

सुरतेला नोकरी करणारा त्यांचा मुलगा अमृत सुटीत आला, तेव्हा त्याने मला एटीएमच्या यंत्रात घालून ‘टेकवून पैसे द्यायची’ सोय सुरू केली. पाच हजारांपर्यंत पिन लागणार नाही, आईला आकडे लक्षात ठेवायचा त्रास नको, असे त्याने सांगितले. बँकेचे संदेश आबांच्या फोनवर येत, कारण खाते उघडताना तोच एक नंबर घरात होता.

ते माझे कौतुकाचे दिवस होते. पशुखाद्याच्या दुकानात कौसाबाई मला यंत्रावर ठेवत. ‘टिंग’ असा आवाज होई आणि मागे उभ्या असलेल्या बाया माना उंच करून पाहत. मला त्या दुकानाची ओळख वासाने झाली. सरकीच्या ढेपेचा तो गोडसर, तेलकट वास आला की मला वाटे, आता उजाडणार. मग लहरी येत, मी जागे होई, आणि पुन्हा कापडी पिशवीतल्या उबेत बुडून जाई. झोपेत मला तांब्याच्या तारेसारखी वळणे घेत जाणारी एक पाऊलवाट दिसे. ती कुठे संपते ते कधी कळले नाही.

मित्रांनो, आमच्या आळीची एक चांगली रीत आहे. कुणी नंदुरबारला निघाले, की सगळ्यांची कामे घेऊन निघते. कुणाचे औषध, कुणाची चप्पल, कुणाचा मिक्सर दुरुस्तीला. परतल्यावर ज्याची पिशवी त्याच्या दाराच्या खिळ्याला अडकवायची. माणसे शेतात असली तरी पिशवी घरी पोचते. त्यात काय आहे हे उघडून पाहणे म्हणजे आणणाऱ्यावर अविश्वास, असे सगळे मानतात.

या रीतीतच मी सापडले. शेजारचा भूपेश दर आठवड्याला मोटारसायकलवरून नंदुरबारला जाई. एकदा कौसाबाईंनी पिशवीबरोबर मलाही त्याच्या हातात दिले.

“तू जाई ऱ्हायना ना, मंग मन्हं कार्ड बी ली जाय. पिन लागस नही.”

पुढे ती सवयच झाली. भूपेश सरळ मनाचा मुलगा. त्याने कधी एक रुपयाही इकडचा तिकडे केला नाही. म्हणून कुणालाच वाटले नाही, की आपण पैशांचे कुलूपच काढून टाकले आहे.

एका शनिवारी ढेप घेऊन झाल्यावर भूपेशने मला शर्टाच्या खिशात टाकले. बसस्थानकासमोर त्याने फोन काढला आणि मी खाली पडले. मला पडल्याचे कळले ते फक्त गारव्याने. पिशवीची ऊब गेली होती. वाऱ्यावर मिरचीचा ठसका होता. भूपेश गावी गेला, त्याने पिशवी खिळ्याला अडकवली आणि आपल्या घरी गेला. पिशवीत कुणी पाहिले नाही.

मला एका हाताने उचलले. तो कुणाचा होता, ते मला आजही माहीत नाही.

यानंतरची जाग मला ढेपेच्या वासात आली नाही. कढत तेलाचा वास होता, कपबश्यांचा आवाज होता. यंत्राने नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी नेहमीचे उत्तर दिले. रक्कम छोटी होती. मला वाटते, तो हात मला अजमावत होता. मग अंधार. पुन्हा जाग आली ती नव्या चामड्याच्या वासात, आणि या वेळी रक्कम मोठी होती. पुन्हा अंधार. पुन्हा जाग. मला ओरडायचे होते की हा हात कौसाबाईंचा नाही, त्यांच्या बोटांना शेणाचा आणि दुधाचा वास असतो. पण यंत्र तसले काही विचारत नाही. ते कार्ड खरे आहे का एवढेच विचारते, आणि मी खरे होते. मित्रांनो, मला हात ओळखता येत नाहीत. हेच माझे दुःख आहे.

नंतर घरी आल्यावर मी ऐकले, की प्रत्येक वेळी रनाळ्यात आबांच्या बंडीच्या खिशात फोन वाजत होता. आबा ओट्यावर शांतपणे शेंगा सोलत होते. ज्या कानांसाठी पैसे साठले होते, त्याच कानांना ते पैसे जाताना ऐकू येत नव्हते.

अखेर नात रूपाली कॉलेजातून आली. ती पायरीवर चप्पल काढत होती, तेवढ्यात आबांचा खिसा पुन्हा वाजला.

“आबा, तुमना फोन वाजी ऱ्हायना.”

“काय म्हनी ऱ्हायनी?”

तिने फोन हातात घेतला, पैसे गेल्याचे संदेश एकामागून एक वाचले. मग आत धावत जाऊन आजीला विचारले, कार्ड कुठे आहे. कौसाबाईंनी खिळ्यावरची पिशवी काढून ओट्यावर उलटी केली. ढेप पडली, पावती पडली. मी पडले नाही.

भूपेशला बोलावले. त्याने चारही खिसे बाहेर काढले आणि तो खाली बसला. त्याला रागवायला कुणाला वेळ नव्हता; रूपाली बँकेच्या मदत क्रमांकावर बोलत होती. कार्ड आत्ताच्या आत्ता बंद करा, एवढेच ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

मी त्या वेळी एका फोनच्या दुकानात होते. हाताने मला यंत्रावर ठेवले. मी जागे झाले, उत्तर दिले, आणि पहिल्यांदाच ‘टिंग’ झाले नाही. यंत्राने एक लांब, जाडा आवाज काढला. नकार बँकेचा होता हे मला ठाऊक आहे. तरी झोपेत शिरताना मला वाटले की मीच ‘नाही’ म्हणाले.

त्या हाताने मला शहराबाहेर, मिरच्या वाळत घालतात त्या पथारीजवळ फेकले. मिरच्या खालीवर करणाऱ्या दगूबाईंना मी लाल ढिगात सापडले. त्यांनी मला बँकेत नेऊन दिले. रूपाली नवे कार्ड घ्यायला आली, तेव्हा मी तिच्याबरोबर घरी परतले.

तिने मला फोनच्या दिव्यासमोर धरून आजीला आतली तार दाखवली. बसमध्ये शेजारून जाणारा माणूस यंत्राने सगळे पैसे ओढून घेतो, असे कौसाबाईंनी ऐकले होते. रूपाली म्हणाली की त्यासाठी यंत्र कार्डाला अगदी चिकटवावे लागेल. आजी, त्याची भीती थोडी बाळग, ती म्हणाली. कार्ड दुसऱ्याकडे देण्याची आणि हरवल्याचे उशिरा कळण्याची जास्त बाळग. मग तिने कात्रीने मला चिपेतून आरपार कापले. कचऱ्यात टाकणार, तोच कौसाबाईंनी तिचा हात धरला.

“इतला दिन कामले उनं. त्याले फेकू नको.”

म्हणून माझ्या अर्ध्या भागाला भोक पाडून मला किल्लीला बांधले. आता माझी तार तुटली आहे. कुठलेच यंत्र मला जागे करू शकत नाही. हे सारे मी झोपेतच सांगते आहे.

बँकेत तक्रार झाली, पण गेलेले पैसे अजून आलेले नाहीत. मशीनला पैसे कमी पडले. गव्हाची काढणी होईपर्यंत कौसाबाई दूध घालत राहिल्या. भूपेशने न सांगता त्यांच्या म्हशींचा चारा कापून आणून टाकला. दरम्यान बँकेत नोंदवलेला फोन नंबर बदलला गेला. संदेश आता कौसाबाईंच्या छोट्या फोनवर येतात. नव्या कार्डाची टेकवून देण्याची मर्यादा रूपालीने अगदी कमी करून ठेवली, आणि आजीने पिन शिकून घेतला. आळीच्या पिशव्या अजून जातात. कार्ड जात नाही.

चैत्रात आम्ही सगळे नंदुरबारला गेलो. मी कौसाबाईंच्या कमरेला होते. डॉक्टरांनी आबांच्या कानात मशीन बसवले. कौसाबाईंनी यंत्रावरची रक्कम मोठ्याने वाचली, पदर आडवा धरून पिन दाबला, आणि कार्ड स्वतःच काढून घेतले. क्षणभराने त्यांच्या पिशवीत फोन वाजला.

आबांनी मान वळवली. सवयीने ते मोठ्याने बोलले.

“काय वाजनं?”

कौसाबाईंनी फोन काढून रक्कम पाहिली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, “मन्हा फोन. हळू बोला, मी आठेच शे.”

आबांनी ते ऐकले.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझे एखादे भावंड झोपलेले असेल. त्याला हात ओळखता येत नाहीत. ते काम तुमचे आहे. त्याला आपल्याच हातांनी जागे करा, जागे करण्याआधी रक्कम वाचा, आणि बँकेच्या संदेशाने फोन वाजला तर ऐका.