दारात खोळंबलेली सुईण

मी खोडरबर बोलतोय, आणि जरा चिडूनच बोलतोय.

कारखान्यात आम्ही सगळे एका लादीत जन्मलो आणि कापून वेगळे झालो. थोडक्यात, काटछाट माझ्या रक्तातच आहे. माझी भावंडं शाळेतल्या पोरांच्या हाती लागली आणि झिजून कृतार्थ झाली. मी आलो एका ऐतिहासिक कादंबरीकाराच्या टेबलावर, आणि गुबगुबीतच राहिलो. या गृहस्थाला स्वतःचं एक अक्षर खोडवत नाही.

कादंबरी तशी गोड. जुन्या काळचं तटबंदीचं शहर, बाहेर शत्रूचा वेढा, आत पाववाल्याची बायको अडलेली, आणि शत्रूच्याच छावणीतून लपतछपत आलेली सुईण शहराच्या दरवाजाशी उभी. ती आत गेली की झालं. पण आमच्या साहेबांना दरवाजा दिसला. मग त्याचे खिळे आले, खिळ्यांवरचा गंज आला, गंजावरचं ऊन आलं. खोटं नाही सांगत, उभं राहून राहून सुजलेले त्या बाईचे पाय मला कागदावर दिसायचे.

रोज संध्याकाळी हे ऐकायची त्याची आत्या. तिनेच त्याला लहानाचं मोठं केलेलं. आता ती लेकीकडे, दूर देशी, कायमची निघाली होती. डोळे अधू झालेले, आणि तिकडे वाचून दाखवायला कोणाला सवड नव्हती. जायच्या आधी तिला एवढंच कळायला हवं होतं, की ती पाववालीण सुटली का.

निघायच्या दिवशी त्याने नवं प्रकरण वाचायला घेतलं. दरवाजाची कडी. आत्याने कपबशी खाली ठेवली.

"अरे, आत ती कळा देतेय आणि तू बाहेर कडी घासतोयस. दार उघड."

"आत्या, वातावरणनिर्मिती असते ती."

"असेल. माझी गाडी येईल आता."

मग पहिल्यांदाच त्याचा हात माझ्याकडे आला. खिळे गेले, गंज गेला, ऊन गेलं. माझ्या भुग्याचा असा ढिगारा झाला, की त्यामागे लेखक दिसेना.

बाहेर भोंगा वाजला तेव्हा त्याने उरलं तेवढं वाचलं. पहारेकऱ्याने दार उघडलं, सुईण धावली, पाववाल्याच्या घरातून रडण्याचा बारीक आवाज आला, आणि तटाच्या दोन्ही बाजूंचे शिपाई गप्प झाले.

आत्या चपला घालता घालता थांबली. "मुलगा की मुलगी?"

त्याने तोंड उघडलं. पाळणा, पाळण्याची दोरी, दोरीचा पीळ, सगळं त्याच्या जिभेवर गोळा होताना मला दिसलं.

"मुलगी," तो म्हणाला, आणि थांबला.

तिने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि गाडीत जाऊन बसली.

आता मी नखाएवढा उरलोय. तो नवी कादंबरी लिहितोय. पूर आलाय, माणसं नावेत बसलीत, आणि हा वल्ह्यावरच्या नक्षीत रमलाय. आणि मुख्य म्हणजे, यावेळी त्याने शाईचं पेन आणलंय. शाईपुढे माझं काही चालत नाही.

पण शाईचं एक वेळ सोडा. समोर बसून "पुढे काय झालं?" विचारणारं आता घरात कोणी नाही, खरं दुखणं ते. नावेत लहान मुलं आहेत हो. कोणीतरी या, आणि विचारा त्याला.