चिमणदादाचं इंजिन

इंजिन रुळावर ठेवलं आणि काशीनाथने हात मागे घेतला, तापल्या तव्यावरून घ्यावा तसा.

"सोडू करंट?" विनिताने विचारलं.

"सोड. पण हळू."

विनिताने बटण जेमतेम फिरवलं. इंजिनाच्या पोटातून घुरघुर आली, चाकं मात्र जागची हलली नाहीत. मध्ये जोडलेल्या मीटरचा आकडा दोनच्या पुढे गेला तसं तिने झटकन बटण मागे घेतलं.

"दोन अँपियर खातंय, पप्पा. नुसतं उभं राहून."

चिकूच्या पेट्या भरायच्या पडवीत लेकीने टेबलं जोडून खेळण्यातल्या आगगाडीचे रूळ मांडले होते. नोकरी उंबरगावच्या कारखान्यात, घर चिखले गावात, आणि सुट्टीच्या दिवशी हा खेळ. तिची इंजिनं डिजिटल होती. रुळातून सगळ्यांना वीज एकच, पण प्रत्येकाच्या पोटात नखाएवढा डीकोडर. आपल्या नावाचा हुकूम आला की तेवढंच इंजिन हलायचं, बाकीची गप्प. या गोतावळ्यात तिला मोठ्या काकांचं जुनं इंजिनही हवं होतं. काशीनाथचा थोरला भाऊ चिमणदादा जहाजावर नोकरीला होता तेव्हा त्याने ते हॅम्बुर्गहून आणलं होतं. काळं, वजनदार, मुठीत मावेल एवढं.

तिने दोन डीकोडर आणले होते. छोटा पोटात नीट बसत होता, पण एका अँपियरच्या पुढे जळाला असता. मोठ्याला दोन पचले असते, पण तो आत शिरेना.

"मग मोटरच बदलू या," विनिता म्हणाली. "नवीन मोटर कमी खाते."

"मोटर बदलली तर दादाचं काय उरलं त्यात? टरफल?"

आवाज जरा चढलाच. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! दादा गेला त्या वर्षीच्या दिवाळीत काशीनाथने हेच इंजिन पोरांसाठी बाहेर काढलं होतं आणि पोरांच्या गलक्यात बटण पार शेवटपर्यंत फिरवलं होतं. इंजिन थोडं धावलं, जळका वास आला आणि थांबलं ते थांबलंच. दादाची बायको, हिरकणीवहिनी, उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही. दादाची एक चालती वस्तू घरात होती आणि ती आपण जाळली, हे त्याच्या मनातून कधी गेलं नाही. इंजिन वहिनींच्या कपाटात गेलं. दर दसऱ्याला ते बाहेर यायचं, कोयते, फावडी, पंप आणि स्कूटर यांच्या रांगेत बसायचं. काशीनाथ त्याला लांबूनच नमस्कार करायचा.

आजही दसराच होता. अंगणातून हाक आली, "भावजी, आटपा! झेंडू कोमेजायला लागला. माझं इंजिन द्या बघू!"

"आलोच, वहिनी!"

विनिताने तोवर स्क्रू काढले होते. "मोटर जळली असेल तर आता कळेलच," ती म्हणाली. काशीनाथ खिडकीबाहेर चिकूच्या झाडांकडे बघत राहिला.

"पप्पा, हे लाल काय आहे?"

तो वाकला. मोटरच्या तांब्याच्या तुकड्यांमधल्या फटी चिकट काळ्या मळाने बुजल्या होत्या, आणि मळात लाल रेघा होत्या. त्याने बोटावर घेऊन वास घेतला. खोबरेल. आणि कुंकू.

दादा दसऱ्याला इंजिनाच्या छपरावर कुंकू लावायचा, आसाला मशीनच्या तेलाचा थेंब द्यायचा. वहिनींची रीत वेगळी. जीव पोटात असतो, असं त्या पंपालाही वाकून कुंकू लावताना म्हणायच्या. दादामागच्या पहिल्या दसऱ्याला त्यांनी इंजिन उलटं करून पोटाच्या फटीत कुंकू भरलं असणार, वर समईसाठीच्या बाटलीतलं खोबरेल. पहिला दसरा. आणि दिवाळी दसऱ्यानंतर येते.

"म्हणजे मी नव्हतं जाळलं," काशीनाथ म्हणाला.

"काय?"

"काही नाही. स्पिरिट आण."

दोघांनी दात कोरायच्या काड्यांनी एकेक फट साफ केली. विनिताने मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे पुसून परत बसवले.

"आता चाकावर बोट दाबून धरा. अडवल्यावर जास्तीत जास्त किती खातं ते बघू. तेवढं डीकोडरला झेपायला हवं."

काशीनाथने बोट ठेवलं. वासराने ढुशी द्यावी तसं चाक बोटाला रेटू लागलं.

"पॉइंट सात! छोटा चालतोय, पप्पा!"

तो रिकाम्या पेटीवर बसला. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. डोळे भरून आले, ते त्याने बाहीने पुसले.

विनिताने मोटरची तार इंजिनाच्या अंगापासून सोडवली, डीकोडर जोडला, झाकण लावलं. हुकूम दिला तसं चिमणदादाचं इंजिन संथपणे निघालं. तेवढ्यात ताट घेऊन हिरकणीवहिनीच पडवीत आल्या आणि जागीच थबकल्या.

"काय झालं होतं त्याला?"

"काकू, तुमच्या त्या..." विनिताने तोंड उघडलं. काशीनाथने तिचा हात दाबला.

"कचरा अडकला होता, वहिनी."

"बघ विनिता. तुझा बाप म्हणायचा, बंद इंजिनाची कसली पूजा. आलं की नाही फळ?"

विनिताने हसू दाबायला ओढणी तोंडाला लावली.

"आलं," काशीनाथ म्हणाला.

वहिनींनी इंजिन उलटं करायला हात पुढे केला. त्याआधी काशीनाथनेच ते उचललं.

"यंदा इथे लावा. छपरावर. दादा लावायचा तिथे."

त्यांनी लावलं. मग ताटातली खोबरेलाची बाटली उचलली.

"तेल मी घालतो, वहिनी. मशीनचं. थेंबभर."

हिरकणीवहिनींनी बाटली परत ताटात ठेवली.

"घाला. त्या दिवाळीपासून तुम्ही याला हात लावला नव्हता, भावजी. मी काय ते चालावं म्हणून पूजा करत होते होय? तुम्ही एकदा हातात घ्यावं म्हणून करत होते."

काशीनाथने आसाला मशीनच्या तेलाचा थेंब दिला. इंजिन दोन्ही हातांत धरून तो अंगणात गेला आणि स्कूटरच्याही पुढे, रांगेत पहिलं, त्याने ते ठेवलं.