माळ्यावर टाकलेली उशी

रविवारी सकाळी निघोज्याच्या दुर्गाबाई पोह्यांसाठी कांदा चिरत होत्या, पण लक्ष न्हाणीच्या दाराकडे होतं. आत त्यांची लेक विजयश्री कोमट पाण्याच्या टबात बसली होती.

पोरीला भगंदर झालं होतं. शौचाच्या जागेशेजारी जखम होऊन आतपर्यंत वाट पडली होती. त्या वाटेतून डॉक्टरीणबाईंनी दोरा ओवला होता. दोऱ्यानं हळूहळू बरं होतं, पण तोवर ठणका सोसावा लागतो. कालच गाठ आवळली होती. "कोमट पाण्यात बसा, मऊ उशी घ्या, कडक जागी बसू नका," असं बाईंनी बजावलं होतं.

आणि आज पुनावळ्याची मंडळी तिला बघायला येणार होती.

"आई, खुर्चीवर बसू दे मला. उशी ठिवून."

"उशी दिसली की इचारतील. काय सांगू? कुठं दुखतंय म्हनून?" दुर्गाबाईंनी चिरलेला कांदा बाजूला सारला. "रोगी म्हनून नाव निघालं, तर पुन्हा कोन ईल दारात?"

सोपानमामांनी हे स्थळ आणलं होतं. त्यांनी उशी माळ्यावर टाकली, टब पलंगाखाली सारला आणि दुखण्याच्या गोळ्या स्वतःच्या खिशात घातल्या.

"घटकाभर कळ काढ. बाईच्या जातीला येवढं जमतं."

मंडळी सोफ्यावर बसली. विजयश्री समोरच्या लाकडी पाटावर टेकली आणि कळ थेट मस्तकात गेली. तिनं पदर मुठीत आवळला. दुखण्यापेक्षा तिला दुसरीच भीती होती. जखम पाझरून साडीला ओल लागली असेल का? उठल्यावर पाटावर डाग दिसेल का?

"कंपनीत शिफ्ट कंची?" मुलाचे चुलते दादासाहेब विचारत होते. "स्वैपाक येतो न्हवं? आरं, पोरीला घाम फुटलाय बघा! लाजाळू हाय!"

सगळे हसले. स्वयंपाकघराच्या दारातून दुर्गाबाईंना लेकीचे पांढरे पडलेले ओठ दिसत होते.

"मी उठू?" विजयश्रीनं हळूच विचारलं.

"बस, बस. पोराची आत्या वाटंत हाय. तिनं बघितल्याबिगर उठायचं न्हाई," दादासाहेब म्हणाले.

विजयश्री भिंतीला धरून उठली.

"मी न्हाई बसनार. मला भगंदर झालंय. दोरा घातलाय. बरी व्हईन मी, पन पाटावर न्हाई बसनार."

मुलाच्या आईनं नाकाला पदर लावला.

"सोपानराव, फशिवता व्हय आमाला?" दादासाहेब ओरडले.

"येड लागलंय पोरीला!" मामा तिच्या अंगावर धावले.

दुर्गाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढल्या, माळ्यावरची उशी काढून झटकली आणि सगळ्यांच्या देखत खुर्चीवर ठेवली.

"बस, बाय."

मंडळी पोह्यांना हात न लावता गेली.

"आता बोंबला! चाकनपातुर बातमी जाईल," मामा म्हणाले.

"जाऊ दे. आदी खिशातल्या गोळ्या काढ."

भीती गेली नव्हती. फोन वाजला तशा दुर्गाबाई दचकल्या, पण तिकडे न जाता त्यांनी टबाचं पाणी तापायला ठेवलं.

लोक काय म्हणतील, म्हणून आपल्याही घरात कुणाची उशी माळ्यावर गेली असेल. एकदा वर चढून बघा.