कुलपांचा क्रम

गौसियाबी पहाटे फजरच्या नमाजनंतर गेल्या, आणि घरातल्या प्रत्येकाला आपण काय करायचं ते आपोआप कळलं. त्यांचा धाकटा मुलगा कलीम गल्लीत खुर्च्या मांडायला लागला. शेजारच्या रामकिशनकाकांनी वाटेतली मोटरसायकल हलवली. बायकांनी गुसलसाठी, मय्यतीच्या आंघोळीसाठी, पाणी ठेवलं. कलीमच्या मुलीला, जिक्राला, मात्र काहीच होईना. ती दादीच्या खोलीच्या दारात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. रडू येत नव्हतं, आणि येत नाही याचं वाईटही वाटत नव्हतं.

पुण्याहून तनुजाचा, तिच्या वरिष्ठ बाईंचा मेसेज आला : ‘सुट्टी घे.’ जिक्राने ‘हो’ लिहिलं आणि काम पुढे चालू ठेवलं.

काम म्हणजे कर्नलमधल्या गाठी शोधायच्या. कर्नल हा मशीनच्या आतला कारभारी. मेमरी कुणाला, डिस्क कुणाला, हे तो ठरवतो. दोन कामांनी एकाच वस्तूवर एकदम तुटून पडू नये म्हणून वस्तूंना कुलपं असतात. कुलूप ज्याच्या हाती तो काम करणार, बाकीच्यांनी थांबायचं. आता समजा, एक काम फाइलचं कुलूप धरून मेमरीच्या कुलपाची वाट बघतंय आणि दुसरं मेमरीचं धरून फाइलच्या. झालं. दोघंही सभ्य. दोघंही नियमाला धरून उभी. हातातलं कुणी सोडत नाही. धूर निघत नाही, चूक झाली म्हणून कुठे लिहून येत नाही. पंखा फिरत राहतो आणि मशीन थिजलेलं असतं.

याला डेडलॉक म्हणतात. जिक्राला सापडलेला डेडलॉक जरा वाईट होता. कुणीही ऐरागैरा, कसलीही खास परवानगी नसताना, दोन हुकूम एकाच वेळी सोडून अख्खा सर्व्हर थिजवू शकत होता. म्हणून दुरुस्ती बाहेर पडेपर्यंत याची वाच्यता करायची नव्हती. घरात ते सोपं होतं. तिला कुणी काही विचारतच नसे.

ऊन गल्लीत उतरलं तेव्हा मौलवीसाहेब आले. “असरच्या नमाजनंतर मिट्टी,” ते म्हणाले, म्हणजे दफन दुपार उलटल्यावर. “जनाजाच्या नमाजची इजाजत थोरल्या मुलाकडून घ्यायची असते. जुबेर कुठवर आला?”

सगळ्यांनी कलीमकडे बघितलं. कलीमने खुर्च्यांकडे बघितलं.

जुबेरचं लातूरला चष्म्याचं दुकान. दोघा भावांचं फाटलं ते जुबेरच्या मुलीच्या लग्नात. कलीमला जेवायला दुसऱ्या दस्तरख्वानवर, दुसऱ्या पंगतीला, बसवलं गेलं, आणि तिथे बिर्याणी गार होती. जुबेरचं म्हणणं, तो आलाच उशिरा. बिर्याणीबद्दल जुबेर काही बोलत नाही. त्यानंतर दोघांनी एकमेकांना फोन केलेला नाही.

शेवटी रामकिशनकाकांनी फोन लावला, स्पीकरवर.

“जुबेरभाई, आई गेल्या हो.”

“कळलं. गल्लीच्या ग्रुपवर फिरून राहिलंय.”

“मग निघा की.”

“रामकिशनभाऊ, अम्मी कलीमची का तुमची? त्याला फोन करू द्या. मी गाडीतच बसलोय.”

“गाडीत?”

“हाव. चालू करून बसलोय. एसी पण लावलाय.”

काकांनी फोनवर हात ठेवला. “कलीम, तेवढं ‘ये’ म्हण ना लेका. जीभ झिजते का?”

“मौतीला आमंत्रण धाडतात का, काका?” कलीम म्हणाला. “आपण होऊन यायचं असतं. शादी हाय का ही? शादीत बोलावून काय झालं ते बघितलं मी.”

“तो थोरला हाय.”

“म्हणून तर. थोरल्याला शिकवू का मी?”

दोघंही बरोबर होते. हीच तर पंचाईत होती. लातुरात गाडी जागच्या जागी घुरघुरत होती आणि नांदेडात खुर्च्या पुन्हा पुन्हा सरळ केल्या जात होत्या.

मौलवीसाहेबांनी घसा साफ केला. मय्यत ताटकळत ठेवू नये, म्हणाले. जोहरच्या, दुपारच्या नमाजच्या, आत तो निघाला नाही, तर त्याच्याशिवाय उरकावं लागेल. आईला त्याच्याशिवाय मिट्टी दिली गेली तर जुबेर या घरात परत पाऊल टाकणार नाही, हे जिक्राला दिसत होतं. ते तिला सहाशे मैलांवरून दिसावं तसं दिसत होतं, स्वच्छ आणि बिनआवाजी.

काका तिच्यापाशी येऊन उकिडवे बसले. “तू शिकलेली, कंपूटरवाली. असं अडकलं की तुम्ही काय करता?”

“मशीन बंद करून परत चालू करतो.”

“आणि इथं?”

“इथं बटण न्हाई, काका.”

काका उठून गेले. जिक्राने समोरच्या कोडकडे बघितलं. दुरुस्ती तशी साधीच होती. कोण बरोबर, कोण थोर, हे ठरवायचंच नाही. कुठूनही येवो, प्रत्येकाने सगळ्यात आधी एकच ठरलेलं कुलूप घ्यायचं, बाकीची नंतर. मग कुणी कुणासाठी अडत नाही.

भांडण झाल्यावरही दोघे दर ईदला याच खोलीत भेटत. जुबेर लातूरहून येई आणि आधी अम्मीला सलाम करी. कलीम इथल्या त्याच्या दुकानातून येई आणि आधी अम्मीला सलाम करी. दादी दोघांना मिळून एकच जबाब देई आणि म्हणे, बैठो. आधी कोण बोललं हा प्रश्न तिथे कधी उभाच राहिला नव्हता.

दादीचा बटणांचा फोन औषधांच्या फळीवर होता. जिक्राने त्यावरून आधी बडेअब्बांना, जुबेरना, लावला. रिंग जाऊ लागताच अब्बांना लावला आणि दोन्ही जोडले.

खिडकीतून तिला अब्बा दिसत होते. त्यांनी खिशातून फोन काढला, नाव बघितलं. सकाळी याच हातांनी त्यांनी अम्मीचे डोळे मिटले होते. ते खुर्चीवरून उठून उभे राहिले.

“जी, अम्मी,” दोन्ही भाऊ म्हणाले. एकदम म्हणाले.

लातूरहून एसीचा आवाज येत होता. जिक्राने एक वाक्य तयार ठेवलं होतं, ते कुठे गेलं कळेना.

“दोघांना बोलावलंय,” ती म्हणाली.

हे खोटं आहे असं तिला वाटलं नाही. खरं आहे असंही वाटलं नाही. मग लातूरहून गिअर पडल्याचा आवाज आला.

असरच्या आत जुबेर पोचला. कलीमकडे न बघता तो सरळ खोलीत आला आणि सवयीने म्हणाला, “अस्सलाम अलैकुम, अम्मी.”

तोंडून निघून गेलं आणि तो तसाच उभा राहिला. केलेला सलाम परत घेता येत नाही आणि बिनजबाबाचा ठेवता येत नाही. खोलीतल्या बायका आपापल्या पायांकडे बघू लागल्या.

“वालेकुम सलाम,” कलीम भिंतीला म्हणाला.

मौलवीसाहेबांनी इजाजत विचारली. जुबेरने मान हलवली. जनाजा उचलला गेला. पुढे एका बाजूला थोरला, दुसऱ्या बाजूला धाकटा. गल्लीत रिकाम्या खुर्च्या उरल्या, अगदी सरळ रांगेत.

जिक्राने दुरुस्ती पाठवली. सोबत कारण लिहावं लागतं. तिने लिहिलं : सर्व वाटांनी आता तेच कुलूप आधी घ्यावं. तनुजाने अंगठा पाठवला.

माणसं कब्रस्तानातून परतली. दोघे भाऊ बैठकीत दोन टोकांना बसले. मौतीच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून रामकिशनकाकांच्या सिंधुकाकू त्यांच्या घरून चहा घेऊन आल्या. उंबऱ्यात ट्रे धरून थबकल्या. या घरात पहिला कप गौसियाबींचा, हे त्यांना इतकी वर्षं पाठ होतं.

“आधी कुणाला देऊ गं?” त्यांनी हळूच विचारलं.

दोन्ही भाऊ ट्रेकडे बघत नव्हते.

“आधी मला,” जिक्रा म्हणाली.

तिने कप उचलला आणि उभ्याउभ्याच मोठा घोट घेतला. चहा कढत होता. जीभ चांगलीच भाजली, आणि भाजल्याचं तिला कळलं.