कोंडाबाईनंतर कोण?

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच साली वालूरला तेलावर चालणारी पिठाची गिरणी आली. बाया जात्याचा खुंटा सोडून जवारीचे डबे घेऊन निघाल्या. गिरणीवाले माणिकराव डब्यांवर खडूनं नंबर घालत. पण मधेच एखाद्या लग्नघरचं दळण आलं आणि ते चौथ्या जागी बसवायचं ठरलं, की चाराचे पाच, पाचाचे सहा, असं शेवटच्या डब्यापर्यंत पुसून लिहीत जावं लागे. तोवर कुणीतरी आपला डबा पुढं सरकवलेला असे, आणि भांडण ठरलेलं.

एक दिवस त्यांची बायको सुमनबाई वैतागली. तिनं ओल्या फडक्यानं सगळे आकडे पुसून टाकले. आजपासून नंबर बंद, ती म्हणाली. प्रत्येकीनं फक्त आपल्या मागं कोण एवढंच ध्यानात ठेवायचं आणि आपलं दळण झालं की तिला हाक मारायची. लग्नघरची बाई मधे घ्यायची तर एकीला सांगायचं, की आता तुझ्या मागं ही. त्या बाईला सांगायचं, की तुझ्या मागं ती. बाकी कुणी जागचं हलायचं न्हाई.

बायांना हे लय आवडलं. डबा ठेवून लिंबाच्या सावलीत बसता येऊ लागलं. चार दिवस गिरणी झकास चालली.

मग बाजाराच्या दिवशी कोंडाबाई आली. तिच्यामागून आली दगडाबाई. दोघींची घरं भिंतीला भिंत लागून, पण दगडाबाईच्या शेळीनं कोंडाबाईच्या वाळत घातलेल्या कुरडया खाल्ल्या तेव्हापासून दोघींत बोलणं नव्हतं. सुमनबाईनं कोंडाबाईला सांगितलं, की तुमच्या मागं दगडाबाई. कोंडाबाईनं ऐकलं आणि तोंड फिरवलं.

कोंडाबाईचं दळण झालं. तिनं डबा बाजूला घेतला, पण हाक काही मारली नाही. गिरणी नुसतीच फिरू लागली. माणिकरावांनी पुढची कोण म्हणून विचारलं, तर ती डब्याचं झाकणच दाबत बसली. शेवटी तिनं हळूच सुमनबाईला विचारलं, की दगडाबाईच्या मागं कोण हाय? तिलाच एकदम हाक मारली असती.

"ते मला न्हाई ठाऊक," सुमनबाई म्हणाली. "ते एकट्या दगडाबाईला ठाऊक."

"मग तू मार की तिला हाक."

"तुमची पुढची हाय, कोंडाबाई. तुमीच बोलवा. तेल जळायलंय."

लिंबाखालच्या बाया आता इकडंच बघायला लागल्या होत्या. दगडाबाई तेवढी पाठ करून बसली होती. हातातली काडी मोडत होती, पण कान इकडंच होते. कोंडाबाईनं पदर नीट केला, फुफाटा तुडवत लिंबापर्यंत गेली आणि तिच्या पाठीशी उभी राहिली.

"दगडाबाई, ऊठ. तुझं दळण लागलं."

दगडाबाईनं हातातली काडी टाकली. मग म्हणाली, "मला वाटलं, तू मला सोडून देतीस आज."

"सोडता येत असतं तर सोडलं असतं," कोंडाबाई म्हणाली, आणि तिलाच हसू फुटलं.

दगडाबाईचा डबा जड होता. दोघींनी दोन्हीकडून धरून तो गिरणीपाशी नेला. कोंडाबाईचं काम झालं होतं, तिनं खरं तर जायला हवं होतं. पण ती पिठाच्या धुरळ्यात तिथंच थांबली. तिनं शेळीचं विचारलं. ती औंदा मेली, असं दगडाबाईनं सांगितलं. काय खाल्लं होतं, कुणाला दाखवली, पिलं कुणाच्या दुधावर वाढवली, सगळं निघालं. कोंडाबाईला खरंच वाईट वाटलं.

दळण झालं तशी दगडाबाईनं आपल्या मागच्या बाईला हाक मारली, आणि दोघी डबे डोक्यावर घेऊन एकाच वाटेनं घरी गेल्या. दारात दगडाबाईचा नवरा आश्रुबा दोरी वळत बसला होता. त्यानं वर बघितलं आणि बाजूला सरकून दोघींना बसायला जागा करून दिली.