खुडूक फौजदार

चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला एक वाईट खोड लागते. कुठलीही वस्तू बटण दाबल्याबरोबर हलली नाही, की ती बिघडलेलीच आहे असं तो धरून चालतो. ताईचा धाकटा भाऊ असा होता. हाताचा पक्का, डोक्याचा हट्टी, आणि कुणाला काही विचारायचं म्हटलं की जीव जायचा. विचारणं म्हणजे कमीपणा असं मानणारी एक जमातच आहे. मोठमोठ्या खुर्च्यांवर तीच बसलेली असते, आणि तिच्या चुकीचा भुर्दंड कायम दुसराच कुणी भरतो. भावाला खुर्ची मिळाली नव्हती, एवढाच काय तो फरक.

ताई खुराड्यात घसरून पडली आणि तिचा खुबा मोडला, म्हणून तो धावत आला. रुग्णवाहिकेत घालताना सगळी माणसं आई गं, बाई गं करतात. ताईने भावाच्या शर्टाची बाही पकडली आणि कामं सांगितली. टर्की आणि कोंबड्या एका कुंपणात सोडायच्या नाहीत, कोंबड्यांच्या विष्ठेतून टर्कींना रोग होतो. गिनी कोंबड्या ओरडल्या की काठी घेऊन बाहेर पडायचं, त्या उगाच ओरडत नाहीत. राजहंसांकडे पाठ करायची नाही. आणि शेवटचं:

"तांबडी कोंबडी खुडूक आहे. आज सकाळीच तिच्याखाली मुक्या बदकाची अकरा अंडी ठेवलीत. चौदा दिवसांनी तिचीच आठ अंडी त्यात घाल. आज नको. चौदा दिवसांनी. ऐकलंस?"

"ऐकलं गं."

ऐकलं होतंच. का, ते तिने सांगितलं नाही, कारण ताई कारणं सांगत नसे. आणि त्याने विचारलं नाही. ते त्याच्या रक्तातच नव्हतं.

मुकी बदकं म्हणजे ती जाडजूड, चोचीच्या मुळाशी लाल गाठी असलेली जात. क्वॅक क्वॅक करत नाहीत, नुसती फुसफुसतात. ताईच्या सासूने एक जोडी आणली होती, तेव्हापासून चाळीस वर्षं तो वंश या अंगणात डुलत होता. पडण्याच्या आधल्या आठवड्यात मोकाट कुत्र्यांनी कुंपण उकरून सगळाच्या सगळा थवा फाडला होता. नर, माद्या, एकही उरलं नाही. त्याआधी गोळा करून थंड फडताळात ठेवलेली अकरा अंडी तेवढी वाचली. चाळीस वर्षांचं जे काही होतं, ते त्या अकरा टरफलांच्या आत.

आणि भावाने त्याच संध्याकाळी कोंबडीची आठ अंडी आत सारली. सगळेच वर जाणार असतील तर दोन फेऱ्या कशाला मारायच्या? हा त्याचा हिशोब. हाताला काम असलं की डोक्याला सुट्टी देणारी माणसं असाच घोळ घालतात.

ताई बाराव्या दिवशी घरी आली. मागच्या खोलीत खिडकीला लागून पलंग टाकला. तिथून टर्कींचं कुंपण दिसे, डबकं दिसे. खुराडं दिसत नसे. ऐकू मात्र सगळं येई. पडल्यापडल्या ती कानाने राज्य करायची. "राजहंसांचं पाणी संपलंय, ऐकू येत नाही का तुला?" रिकामं भांडं कसं ऐकू येतं, हे भावाला कधी कळलं नाही. चौदाव्या दिवशी अंडी घातलीस का म्हणून तिने विचारलं, आणि त्याने घातली म्हणून सांगितलं; खोटं नव्हतंच ते.

या सगळ्या खटल्यात भावाचा एकच जाहीर शत्रू होता. टर्कीचा नर. ताई त्याला फौजदार म्हणायची. छाती पुढे, शेपटीचा पंखा उघडा, डोकं घटकेत लाल, घटकेत निळं. दाणे टाकायला गेलं की उडी मारून मांडीवर लाथ. भावाच्या दोन्ही पायांवर काळेनिळे डाग होते.

"ताई, हा कापायचा."

"आधी त्याच्याशी जिंकून दाखव, मग काप."

एकविसाव्या दिवशी तांबडीच्या पिसांखाली दबलेली किलबिल सुरू झाली. आठापैकी सात निघाली, आठवं पोकळ निघालं, ते त्याने फेकून दिलं. भाऊ खूश. तेविसाव्या दिवशी सकाळी कोंबडी उठली, पिसं झाडली आणि सात लोकरी गोळे मागे घेऊन अंगणात निघून गेली. खोक्यात अकरा अंडी उरली. गप्प, पांढरी, जरा मळलेली.

भावाने त्यांच्याकडे पाहिलं आणि निकाल देऊन टाकला. एकवीस दिवस म्हणजे एकवीस दिवस. अंडं म्हणजे अंडं. ही गेली. सडून फुटली तर खुराडं आठवडाभर घाणेल, म्हणून त्याने ती बादलीत घातली आणि मागच्या खताच्या खड्ड्याशी नेली. पहिलं उचललं. हाताला कोमट लागलं. तरीही त्याने ते खड्ड्याच्या दगडी कडेवर टिचवलं.

घाण आली नाही.

टरफलाचा तुकडा निघाला आणि आत लाल रेषांचं जाळं दिसलं, ओलं, ताणलेलं. ते जाळं ठोके देत होतं. त्याने नको तेवढं बोट लावलं आणि सगळंच त्याच्या तळहातावर उतरलं. मूठभर जीव. मोठा काळा डोळा पापणीखाली. चोच होती, चोचीच्या टोकावर पांढरा कणही होता. पायाला नखं होती, नखांमध्ये पातळ पडदा. पाठीवर ओली लव. तो पाय लांब झाला आणि भावाच्या अंगठ्याला टेकला.

चौतीस वर्षं त्याने मोटारी उघडल्या, तारा उघडल्या, गिअर उघडले. उघडलेलं परत बंद करता येतं, यावर त्याचं अख्खं आयुष्य उभं होतं. तो टरफलाचे तुकडे हातात घेऊन खरोखरच ते कसे बसवता येतील ते बघत होता.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. "अरे! पिल्लं कोणाची बोलतायत?"

"कोंबडीची."

"कोंबडीची? आज दिवस कितवा?"

"तेविसावा."

कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. इथे तर सात पिल्लं अंगणभर साक्ष देत फिरत होती.

"चौदाव्याला ठेवली असतीस तर आज त्यांच्यात नखसुद्धा तयार नसतं. इकडे ये. तोंड दाखव आधी."

तो गेला. तोंडाऐवजी हात पुढे केला.

ताई त्या हाताकडे बघत राहिली. शिवी आली नाही. भावाला शिवी हवी होती, शिवीने बरं वाटलं असतं.

"मुक्या बदकाला पस्तीस दिवस लागतात," ती म्हणाली. "कोंबडीला एकवीस. म्हणून चौदाचं अंतर. सगळी एका दिवशी बाहेर यावीत, कोंबडीने मध्येच उठू नये, आणि बदकांनी कोंबडीच्या पिल्लांचं बघून दाणा टोचायला शिकावं."

"मग सांगायचं नाही का!"

"विचारायचं नाही का!"

दोघांचंही खरं होतं, आणि त्यात एक जीव भावाच्या हातावर पडला होता. त्याचे ठोके अजून दिसत होते. बारीक, मग फार बारीक. दोघं बघत राहिली. ठोके थांबले, तेव्हा ताईने आपल्या चादरीचं टोक त्याच्यावर टाकलं.

"बाहेर आलं तेव्हा हलत होतं?"

"मघापर्यंत हलत होतं. माझ्या अंगठ्याला पाय लावला त्याने."

"मग बाकीचीही हलत असतील," ताई म्हणाली. "उभा काय राहतोस खांबासारखा? बादली आण. स्वेटरात गुंडाळ. गरम पाण्याची पिशवी दे खाली. पळ!"

दहा अंडी स्वेटरात गेली. पण पुढचे बारा दिवस कोण उबवणार? तांबडी आता पिल्लांची झाली, ती मागे फिरणार नव्हती. दुसरी कुठली कोंबडी खुडूक नव्हती. दिव्याखाली ठेवावीत तर वीज दिवसातून चार वेळा जायची. ताई खिडकीबाहेर बघत होती. बाहेर फौजदार पंखा उघडून रिकाम्या पत्र्याच्या डब्याशी भांडत होता.

"त्याला बसव."

"कोणाला?"

"फौजदाराला."

"ताई, नर आहे तो."

"मला माहीत आहे. खुबा मोडलाय माझा, डोळे नाही मोडले."

"नर अंड्यांवर बसतो?"

"बसत नाही. बसवावा लागतो. अंधारं खोकं, बुटकं झाकण, उभं राहता येऊ नये. माझ्या सासूने एकदा बसवला होता."

"बसला?"

"चार दिवस छान बसला. पाचव्या दिवशी पाहुणे आले म्हणून सासऱ्यांनी कापला."

भावाला हसू फुटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली. मग त्याने आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. विचारलं. झाकण किती उंचीवर? पेंढा किती? हवेला भोकं कुठे, वर की बाजूला? बाहेर काढायचा कधी? किती वेळ? ताई उत्तरं देऊन थकली. "आता बास! लग्न ठरवतोयस का त्याचं?"

जुनं कपाट उताणं पाडून त्याने खोकं केलं. वीतभर पेंढा, मध्ये खोलगट, त्यात दहा अंडी. फौजदाराला पकडायला पाऊण तास लागला. भाऊ दोनदा चिखलात पडला, राजहंसांनी मागून एकदा चावा घेतला, आणि खिडकीतून सूचनांचा मारा चालू. "मानेला नको! पंख धर, पंख! अरे, लिफ्ट नाही ती, दार उघडून उभी राहायला!" शेवटी पोत्यात घालून त्याला अंधारात उतरवलं आणि वर फळी टाकली.

आत धडपड झाली. मग एक टचकन आवाज. एक अंडं गेलं. भावाने डोळे मिटले. आणखी एक धडक. मग काहीच नाही.

तो फळीला कान लावून बसला. लिफ्टच्या खोलीत तो असाच बसायचा, कुठे घरघर आहे, कुठे कुरकुर आहे ते ऐकत. इथे ऐकू येत होता फक्त श्वास. जोराचा. मग कमी जोराचा. तासाभराने त्याने बाजूच्या भोकाला डोळा लावला.

फौजदाराचं डोकं उतरलं होतं. रागाचा तो लाल रंग पाण्यात धुतल्यासारखा फिका पडला होता. मानेवरच्या गाठी सैल लोंबत होत्या. एक अंडं त्याच्या छातीपासून जरा लांब गेलं होतं. त्याने मान लांब केली. माणसाच्या मांडीचं कातडं सोलणारी ती चोच अंड्याच्या पलीकडे नेली, तिचा खालचा भाग अंड्याला टेकवला आणि ते आपल्याकडे ओढलं. हळू, थांबत थांबत, आवाज न करता. मग अंग किंचित उचललं, अंडं आत घेतलं आणि पसरला. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या बापाने केलं नव्हतं, त्या बापाच्या बापानेही नव्हतं केलं. हे त्याच्यात कुठे ठेवलेलं होतं? त्या सगळ्या मिजाशीखाली हे एवढा काळ अंधारात पडून होतं, आणि कुणाला पत्ताच नव्हता.

"बसला का?" खिडकीतून.

भावाने मान हलवली.

"मान काय हलवतोस, मला इथून दिसतं का? सांग ना रे!"

तो सांगायला लागला आणि त्याला शब्द सापडेनात. हात लांब करून, हनुवटी वाकवून त्याने ते चोचीचं ओढणं हवेत करून दाखवलं, भिंतीआडच्या बहिणीला, जिला काहीच दिसत नव्हतं.

त्यानंतर रोज सकाळी पाव तास फौजदार बाहेर यायचा. खायचा, प्यायचा, आणि भाऊ अंड्यांवर कोमट पाण्याचा शिडकावा करायचा. तिसऱ्या दिवशी पोतं लागलं नाही. दाणे अर्धवट टाकून फौजदार आपल्या पायांनी कपाटात गेला आणि झाकणाची वाट न बघता बसला.

तेहेतिसाव्या दिवशी ताईने कोमट पाण्याचा टब मागवला.

"अंडी आण. आतलं जिवंत असेल तर आज कळेल."

"आणि नसेल तर?"

ताईने चादर बाजूला सारली. पलंगावर, तिच्या कुशीशी, त्याने टब ठेवला. एकेक करत नऊ अंडी पाण्यात सोडली. ती तरंगली, बोथट टोक वर करून. टबाचं पाणी डुचमळलं, मग निवलं. खोलीत आरशासारखं स्वच्छ, सपाट पाणी, आणि त्यात नऊ पांढरी डोकी. काही नाही. ताईने श्वास धरला होता. भावाने टबाची कड धरली होती, मग आपल्याच हाताने पाणी हलेल म्हणून सोडली.

एक अंडं थरथरलं.

वारा नव्हता. कुणी हात लावला नव्हता. अंडं डावीकडे कललं, सरळ झालं, आणि त्याच्याभोवती एक गोल निघून कडेपर्यंत गेला. मग दुसऱ्याने उत्तर दिल्यासारखी उसळी मारली. तिसरं गोल फिरलं. बघता बघता पाणी भरून गेलं गोलांनी, एकमेकांत शिरणाऱ्या, एकमेकांना कापणाऱ्या. बंद टरफलं, ज्यांना दार नाही, खिडकी नाही, ती आपापल्या आतून नाचत होती. सात नाचत होती. दोन शांत उभी होती.

"अगं, यांना कसं कळतं?" भाऊ कुजबुजला. "आत अंधार, बाहेर काय आहे माहीत नाही, आणि तरी..."

"मला काय माहीत," ताई म्हणाली. चाळीस वर्षं पक्षी पाळलेली, रिकामं भांडं ऐकू येणारी ताई. "मला नाही माहीत रे." तिचे गाल ओले होते आणि ते तिला पुसावेसे वाटत नव्हते.

मग तिनेच त्याच्या दंडाला ढोसलं. "उचल आता. गार होतील."

त्याने सात अंडी फडक्यावर टिपली आणि स्वेटरात घालून नेली. फौजदार रिकाम्या पेंढ्यापाशी उभा होता, पंखा मिटून. लाथ आली नाही. तो आत जाऊन बसला, आणि भावाने त्याच्या छातीखाली एकेक अंडं सारलं. पिसांच्या खाली तवा तापावा तशी ऊब होती. शेवटचं अंडं सोडून तो मूठ बाहेर काढणार, तोच फौजदाराने मान लांब केली, चोच त्याच्या मनगटापलीकडे टेकवली आणि ती मूठ हळूच आत ओढून घेतली.

भाऊ तसाच गुडघ्यांवर राहिला. त्याच्या बोटांना अंडी लागत होती, आणि एका अंड्यात काहीतरी बाजू बदलत होतं.

"अरे!" खिडकीतून हाक आली. "हा टब कोण उचलणार? माझी गादी भिजतेय इथे!"

"येतो," तो म्हणाला, इतक्या हळू की फौजदारालाच ऐकू गेलं असेल. हात मात्र त्याने काढला नाही.