पांढरी पायरी

ग्रीसमधल्या आमच्या सालोनिकात मुलांना इतिहास शिकवायचा म्हणजे झोपलेल्यांना अंगाई म्हणायची. म्हणून यंदा ईस्टरच्या आदल्या आठवड्यात मी अख्खा वर्ग उचलला आणि विद्यापीठाच्या आवारात नेला. सोबत दारिओ बेराहा होते, इथल्या जुन्या ज्यू घराण्यातले म्हातारे गृहस्थ.

"पोरांनो, तुम्ही आमच्या कब्रस्तानावर उभे आहात," ते म्हणाले. "दुसऱ्या महायुद्धात जर्मन आले तेव्हा आधी आमचे मेलेले कबरींतून उठवले, मग जिवंत माणसं आगगाडीत भरून मारायला नेली. थडग्यांचे दगड गावानं वाटून घेतले. अंगणाला, भिंतीला, जिन्याला. फुकटचा संगमरवर, कोण सोडतो?"

पोरांचं खिदळणं बंद झालं.

"असा दगड ओळखायचा कसा?" वर्गातल्या लांब्रिनीनं विचारलं.

"कोपऱ्यात बहुधा फूल कोरलेलं असतं. बोटाला लागतं."

पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. दुपारचं जेवण तिच्याच वडिलांच्या खाणावळीत ठरलं होतं, वरच्या आळीत. चढावर तिनं मला गाठलं.

"बाई, दुसरीकडे जेवू या ना."

"का गं?"

"आमच्या पायरीच्या कोपऱ्यात काहीतरी खडबडीत आहे. लहानपणी मी त्यावर बोट फिरवत बसायची. सांगितलं तर बाबा मला उभी चिरतील. आणि नाही सांगितलं तर..."

मोठी शहाणी बाई मी, तिचा हात धरून नुसती चढत राहिले.

दारात आस्तेरिओस, तिचे वडील, चुन्याची बादली घेऊन बसले होते. सणाला आमच्याकडे घरोघर पायऱ्या पांढऱ्या करतात.

"बाबा, चुना लावू नका."

"का? महाराणी काळ्या पायरीवरून आत जाणार?"

लांब्रिनीनं बादलीजवळची पत्र्याची पट्टी उचलली, गुडघे टेकले आणि कोपरा खरवडायला लागली. चुन्याचे पोपडे सुटले.

"अगं ए! डोकं फिरलं का? माझ्या आजोबांनी बसवलेली पायरी आहे ती!"

आतून फूल निघालं. मग एक हिब्रू अक्षर, मग ओळ. दारिओ कसेबसे खाली बसले आणि उजवीकडून डावीकडे बोट फिरवत वाचू लागले.

"रेइना. योसेफची लेक." त्यांनी अक्षरांवरचा चुना फुंकला. "नुसते पाय पडले असते तर कधीच झिजून गेली असती. तुमच्या चुन्यानं हिला जपलं."

इतकी वर्षं मी या विषयावर बोलते आहे, पण त्या दिवशी तो मला पहिल्यांदा दिसला. वर्गातली सगळ्यात वांड पोरंसुद्धा टोप्या काढून उभी होती.

लांब्रिनी मात्र फक्त वडिलांकडे बघत होती.

"आजोबा म्हणायचे," आस्तेरिओस हळूच बोलले, "भिंती राहिल्या तरी चालतील, पण पायरी आधी पांढरी करा. मला वाटायचं, काय देवभोळा माणूस!"

त्यांनी बादली बाजूला सारली.

"नाव पुन्हा सांगा, काका."

"रेइना."

आस्तेरिओसनी एप्रनला हात पुसले आणि दगडावर तळवा ठेवला. "रेइनाबाई, फार पाय दिले हो आम्ही तुमच्यावर. माफ करा." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "आजपासून सगळ्यांनी मागच्या दारानं यायचं."

लांब्रिनी रडत होती. ते तिच्या शेजारी मांडी ठोकून बसले.

"सरक. दे ती पट्टी इकडे. खाली अजून एक ओळ आहे."